बावचीचं तेल आणि जिममधला टॅनिंग बेड

जिम चांगली आहे हे आधी सांगते. ट्रेडमिल बंद पडलेली मी कधी पाहिली नाही, लॉकर रूम स्वच्छ असते, पहाटे पाचला दार उघडं असतं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉईटच्या वायव्येला, नोवीच्या आसपास आम्ही राहतो. इथे डिसेंबर ते मार्च बाहेर चालायला जायचं म्हणजे बर्फ, आणि घसरून मनगट मोडलेली दोन माणसं माझ्याच ओळखीत आहेत. त्यामुळे जिमबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जिमच्या मागच्या बाजूला, मसाजच्या खुर्च्यांपलीकडे असलेल्या तीन दारांबद्दल. त्या दारांमागे टॅनिंग बेड आहेत, म्हणजे अतिनील किरणं देऊन कातडी मुद्दाम सावळी (‘टॅन’) करणारे पलंग. गेल्या जानेवारीत मी त्यांत तीन वेळा झोपले. हा रिव्ह्यू त्या तीन वेळांचा आहे.

जिमचं नाव मुद्दाम देत नाही. असे बेड इथे कितीतरी जिममध्ये आणि सलूनमध्ये आहेत. एकीचं नाव वाचून बाकीच्या ठीक असतील असं कुणाला वाटायला नको.

मला कोड आहे. वय 39. पहिला डाग आला तेव्हा 31 वर्षांची होते. कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, टिकलीएवढाच. पुण्यातल्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं, त्याने काहींच्या कातडीचा रंग जातो. टिकली बंद केली. पण पुढे मानेवर, मग ओठाच्या कडेला, मग उजव्या हाताच्या बोटांवर डाग आले, तेव्हा हे नुसत्या गोंदाचं नाही हे कळलं. माहेरी मिरजेला हा शब्द कुणी तोंडाने उच्चारत नसे. ‘पांढरं’ म्हणायचे. “तिचं पांढरं कसं आहे आता?” असं आईला फोनवर विचारायचे, मी शेजारी बसलेली असताना. ज्यांच्या घरात कोड आहे त्यांना मी काय सांगतेय ते कळेल, आणि माणूस मग कुठलाही उपाय का करून बघतो तेही.

अमेरिकेत आल्यावर त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मिळायला साडेतीन महिने लागणार होते. शिवाय फोटोथेरपीचं, म्हणजे किरणांनी उपचार करण्याचं, क्लिनिक घरापासून चाळीस मिनिटांवर, आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, दर वेळी कोपे, म्हणजे विमा असूनही आपण भरायचे पैसे, वेगळा. ऑफिस आणि मुलीची शाळा सांभाळून हे जमणार कसं, या विचारात असताना जिममधली एक ओळखीची बाई म्हणाली, “अगं, इथे आहेत की बेड! तोच लाईट असतो.” माझं कार्ड साधं होतं. महिन्याला 12 डॉलर जास्त भरले की बेड हवे तितक्या वेळा वापरता येत होते. मी भरले. डॉक्टर अतिनील किरणं देतात, बेडही अतिनील किरणं देतो, मग फरक तो काय, असा माझा हिशोब. हा हिशोब किती चुकीचा होता ते सविस्तर लिहिते, कारण त्यानंतर आपल्याच मंडळींकडून तोच हिशोब मी चार-पाच जणांच्या तोंडून ऐकलाय.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने टॅब्लेट पुढे केला. वीस-एक वर्षांचा, अतिशय सभ्य मुलगा. फॉर्मवर त्वचेचा प्रकार निवडायचा होता, 1 ते 6. मी विचारात पडले तशी त्याने माझ्याकडे बघून सांगितलं, “तुम्ही चार नाहीतर पाच. तुम्ही भाजणार नाही.” खाली बारीक अक्षरांत दोन पानं मजकूर होता. मी सही केली. अंगाला काही लावता का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे त्याने तोंडाने विचारलं नाही. मानेवरचे डाग त्याला दिसत होते. तोही विषय निघाला नाही.

खोली लहान. भिंतीला कागदी टॉवेल, निळ्या पाण्याची स्प्रेची बाटली, एक खुर्ची, कपडे अडकवायला दोन हुक. मधोमध तो बेड, शिंपल्यासारखा उघडणारा. आत खाली-वर लांबच लांब ट्यूबलाईट, त्यावर ॲक्रिलिकची पारदर्शक काच, आणि त्या काचेवर आपण झोपायचं. झाकण ओढून घेतलं आणि बटण दाबलं की निळा-जांभळा उजेड पडतो आणि पायाकडचा पंखा घोंघावतो. वास येतो तो वेगळाच, तापलेल्या कातडीचा. वेळ काउंटरवरूनच लावलेली असते. मला पहिल्यांदा 6 मिनिटं दिली होती, दुसऱ्यांदा 8. डोळ्यांवर ठेवायचे इवलेसे गॉगल काउंटरवर विकत मिळत होते. मी घेतले. पण शेजारच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या मुलींच्या हातात मला एकदाही दिसले नाहीत. एकीला विचारलं तर म्हणाली, डोळ्यांभोवती पांढऱ्या खुणा राहतात, म्हणून ती नुसते डोळे मिटून घेते. पापणीची कातडी किती पातळ असते! आमच्या घरामागे मिरजेत फॅब्रिकेशनचं शेड होतं. वेल्डिंगकडे बघत उभं राहिलेल्या पोरांच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखं व्हायचं, रडून रडून डोळे सुजायचे. कारण तेच, अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक थर भाजतो. आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर मोतीबिंदू लवकर येण्याचा धोका असतो.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. उलट हात थोडे तांबूस-सावळे झाले आणि मला वाटलं, चला, काहीतरी होतंय.

तेल आलं ते याच सुमारास. माझी आत्या मिरजेची. काष्ठौषधींच्या दुकानातून बावची आणून ती घरी तिळाच्या तेलात उकळते. तिच्या सासूबाईंना कोड होतं, त्यांच्यासाठी ती हे करायची. दीर इकडे येणार होते, त्यांच्याबरोबर तिने बाटली पाठवली आणि फोनवर बजावलं, “डागावरच लाव हं, आजूबाजूला नको. आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात बस. पाच मिनिटं. पाच म्हणजे पाचच.” आत्या चौथीपर्यंत शिकलेली आहे. या सगळ्या प्रकरणात मात्रेचा विचार केलेलं पहिलं माणूस तीच, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

जानेवारीत मिशिगनमध्ये कोवळं ऊन कुठून आणायचं? मी तिसऱ्या खेपेला घरून निघताना मानेला आणि बोटांना तेल लावलं, तासाभराने बेडमध्ये झोपले. 10 मिनिटं.

संध्याकाळी काहीही नव्हतं. स्वयंपाक केला, मुलीचा अभ्यास घेतला, झोपले. दुसऱ्या दिवशी मान गुलाबी झाली आणि कॉलर लागली की चुरचुरायला लागली. मला वाटलं, रक्त खेळतंय, डाग भरतोय. तिसऱ्या दिवशी पहाटे उशीला मान चिकटली म्हणून जाग आली. मानेच्या उजव्या बाजूला जर्दाळूएवढा फोड, त्याला लागून चार लहान. बोटांवर, जिथे जिथे तेलाचा हात पुसला गेला होता तिथे तिथे फोड. हनुवटीखाली तेलाचा एक ओघळ गेला असणार, तिथे सरळ रेघ ओढल्यासारखी लाल पट्टी. नवऱ्याने दिवा लावून बघितलं आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली.

अर्जंट केअरमधल्या डॉक्टर बाईंनी विचारलेला पहिला प्रश्न होता, “कातडीला काही लावलं होतं का?” मी बावची म्हटलं, त्यांना कळेना. मग फोनवर झाडाचं शास्त्रीय नाव शोधून दाखवलं, सोरालिया कोरिलिफोलिया. नाव वाचताच त्या खुर्चीत सरळ बसल्या. सोरालिया म्हटल्यावर सोरालेन. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. ते नुसतं लावलं तर फारसं काही करत नाही. पण त्यावर यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांतल्या एका प्रकारची, किरणं पडली की ते पेशीच्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये जाऊन अडकतं आणि दोन्ही धागे एकमेकांना जखडून टाकतं. पेशी मरतात. आणि हे साध्या उन्हाच्या भाजण्यासारखं त्याच दिवशी दिसत नाही, दीड-दोन दिवसांनी चढतं, तिसऱ्या दिवशी जोर करतं. म्हणूनच माणूस फसतो. पहिल्या संध्याकाळी काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन झोपला तर काय होईल, याचा विचार मी अजूनही करते. माझी चौथी खेप हिमवादळामुळे रद्द झाली होती.

हीच जोडी, सोरालेन आणि यूव्हीए, औषध म्हणून वापरतात. आपल्याकडे बावची आणि ऊन हा कोडावरचा उपाय फार जुना आहे. इजिप्तमध्येही दुसऱ्या एका झाडाच्या बिया अशाच वापरत. 1974 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी सोरालेनची मोजून गोळी आणि मोजून यूव्हीए अशी सोरायसिस या त्वचारोगावरची उपचारपद्धती मांडली. तिला पुवा म्हणतात. त्या गटात टॉमस फिट्झपॅट्रिक होते. आणि टॅब्लेटवर मला विचारलेले त्वचेचे प्रकार आहेत ना, ते यांचेच! 1975 मध्ये, पुवाच्या रुग्णाला सुरुवातीला किती यूव्हीए द्यायचं हे ठरवता यावं म्हणून त्यांनी ते पाडले. तेही मुळात गोऱ्या लोकांसाठी, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे गट नंतर जोडले. म्हणजे जो आकडा डॉक्टरने मात्रा कमी ठेवायला वापरायचा, तोच इथे मला ‘तुम्ही भाजणार नाही’ असं सांगायला वापरला. शिवाय माझ्या मानेवर दोन प्रकारच्या त्वचा शेजारी शेजारी आहेत. आजूबाजूची पाचव्या प्रकारची असेल. डागातल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत, ती पहिल्या प्रकारच्याही खालची आहे.

बरं, तेल नसतं लावलं तर बेड ठीक होता का? हे मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, कारण 12 डॉलर भरून बसले होते आणि मनात कुठेतरी दोष तेलाचा, बेडचा नाही, असं येत होतं.

नव्हता. पहिली गोष्ट कोडाचीच. टॅनिंग बेडमधली किरणं बहुतेक सगळी यूव्हीए, यूव्हीबी हा अतिनील किरणांचा दुसरा प्रकार त्यात थोडा. त्याने डाग भरत नाही, भोवतीची चांगली कातडी मात्र काळवंडते, आणि डाग होता त्यापेक्षा जास्त उठून दिसतो. माझे हात सावळे झाले म्हणून मी खूश झाले होते तेव्हा प्रत्यक्षात हेच चाललं होतं. दुसरं म्हणजे कोड असलेल्यांना जखम झाली, भाजलं, घासलं गेलं की त्या जागी नवा डाग उमटू शकतो. हनुवटीखालची ती सरळ लाल रेघ आज सरळ पांढरी रेघ आहे. बोटभर लांब. ती जानेवारीच्या आधी नव्हती.

आता कोड नसलेल्यांचं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावरची संस्था, आयएआरसी, हिने 2009 मध्ये टॅनिंगची उपकरणं पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. त्याच यादीत तंबाखूचा धूर आहे, ॲस्बेस्टॉस आहे. यादी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, बेड आणि सिगारेट सारखेच घातक आहेत असं नव्हे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असलं काही वाढवून सांगितलं की लोक सगळंच उडवून लावतात. पण पुरावा पक्का आहे. त्याच वेळी त्यांनी सांगितलं की तिशीच्या आत ज्यांनी बेड वापरायला सुरुवात केली त्यांच्यात मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या सगळ्यात घातक कर्करोगाचा धोका 75 टक्क्यांनी जास्त आढळला. कातडीच्या इतर दोन कर्करोगांचा धोकाही वाढतो. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर नावाची 26 वर्षांची मुलगी 2007 मध्ये मेलॅनोमाने गेली. जाण्याआधी तिने या बेडविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. 2016 पासून तिथल्या एकाही राज्यात पैसे घेऊन टॅनिंग बेड चालवता येत नाही. ब्राझीलने तर 2009 मध्येच सौंदर्यासाठीच्या वापरावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत 18 वर्षांखालच्यांना मनाई आहे, कॅलिफोर्नियात 2012 पासून.

“आपण सावळे, आपल्याला काय होतंय” हे मी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, हाताला बँडेज असताना ऐकलं. सावळ्या त्वचेला संरक्षण आहे हे खरं. आपल्यात मेलॅनोमा कमी होतो हेही खरं. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, कुणी बघत नाही, आणि उशिरा सापडतो. बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता, 1981 मध्ये 36 व्या वर्षी तो गेला. उन्हाशी या जागांचा संबंध कमी, हे मान्य. मी सांगतेय ते एवढंच, की रंग हे कवच नाही. 2015 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की यूव्हीए थांबल्यावरही तीन-चार तास डीएनएची मोडतोड चालू राहते, आणि ती चालू ठेवण्यात खुद्द मेलॅनिनचा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याचाच, हात असतो. म्हणजे बेडमधून उठून घरी येऊन चहा करेपर्यंत आत काम चालूच. शिवाय कर्करोगाएवढं लांब जायला नको. आपल्या बायकांना वांग किती येतं! यूव्हीए वांगाला अक्षरशः पोसतं. माझ्या एका मैत्रिणीने ‘ग्लो’ येईल म्हणून बेड घेतला आणि गालावरचे पुसट वांग ठसठशीत करून बसली. ती अजून मलमं लावते आहे.

मग राहिलं व्हिटॅमिन डी. इथे सगळ्यांचं कमी असतं, आणि बेडच्या बाजूने हेच कारण सर्वांत जास्त ऐकू येतं. हे 42 व्या अक्षांशावरचं गाव आहे. याच अक्षांशावर बॉस्टनला झालेलं काम सांगतं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हात बसूनही कातडीत डी तयार होत नाही, इतकं यूव्हीबी कमी असतं. पण डी बनतं यूव्हीबीने आणि बेड देतो मुख्यतः यूव्हीए. उपाय आहे तो गोळीचा. रक्त तपासायचं, डॉक्टर सांगतील ती गोळी घ्यायची. इथल्या दुधातही डी घातलेलं असतं. त्यासाठी कातडी भाजून घ्यायचं काही कारण नाही. बेडमुळे आरोग्याला फायदा होतो आणि कर्करोगाची भीती नाही असा प्रचार टॅनिंगवाल्यांच्या संघटनेने केला होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2010 मध्ये त्यांना तो बंद करायला लावला. पण जाहिरात गेली तरी तोंडातोंडी वाक्य उरलंच.

फोड बसल्यावर मी जिममध्ये गेले, कार्ड परत साधं करून घ्यायला. जाताना पुन्हा त्या खोलीत गेले आणि या वेळी दिवे लावून बेडच्या बाजूला चिकटवलेलं लेबल वाचलं. सरकारी नियमानुसार प्रत्येक बेडवर ते लागतंच. ‘धोका’ या शब्दाने सुरू होतं. डोळ्यांना आणि कातडीला इजा होऊ शकते, वारंवार वापराने कातडी अकाली म्हातारी होते आणि त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, गॉगल वापरा, हे सगळं आहे. आणि पुढे एक ओळ आहे, औषधं किंवा सौंदर्यप्रसाधनं यांमुळे किरणांचा परिणाम वाढू शकतो, औषध चालू असेल किंवा कातडीचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझी सगळी कथा त्या ओळीत होती. लेबल झाकणाच्या सांध्याजवळ, गुडघ्याच्या उंचीला, निळा उजेड चालू असताना वाचता न येणाऱ्या जागी होतं. 2014 पासून 18 वर्षांखालच्यांनी वापरू नये अशी ठळक चौकटीतली सूचनाही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सक्तीची केली आहे.

मी मॅनेजरला एकच विनंती केली. फॉर्म राहू द्या, पण काउंटरवरच्या मुलांनी दोन प्रश्न तोंडाने विचारायचे, अंगाला काय लावलंय आणि गोळी कुठली चालू आहे. कारण प्रश्न फक्त बावचीचा नाही. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लीन घेणारी कितीतरी मुलं-मुली असतात, रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड घेणारी माणसं असतात, त्या गोळ्यांनीही कातडी अतिनील किरणांना हळवी होते. मॅनेजरने ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं म्हणाला, आणि फॉर्मवर सगळं लिहिलेलं असतं असं सांगितलं. 12 डॉलर परत दिले. दोन प्रश्नांचं पुढे काय झालं हे विचारायला मी दोनदा गेले. अजून विचारत नाहीत.

मे महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लागला आणि मानेची कातडी पूर्ण बरी झाल्याची खात्री करून त्यांनी खरा लाईट सुरू केला. त्याला नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात, 311 नॅनोमीटरच्या आसपासचा अगदी अरुंद पट्टा. उभं राहायचं कपाट असतं, आत उभ्या ट्यूब. बाहेरून बघितलं तर जिममधल्या उभ्या बूथचा भाऊ वाटेल. फरक दाराबाहेर आहे. नर्स दर वेळी तेच विचारते. गेल्या वेळी लाल झालं होतं का? किती तास राहिलं? दुखलं का? नवीन औषध? आज अंगाला काही लावलंय? मग ती यंत्रात मात्रा भरते. पहिल्या दिवशी 200 मिलिज्यूल होती आणि मी आत जेमतेम अर्धं मिनिट होते. चाळीस मिनिटं गाडी चालवून अर्धं मिनिट! त्या दिवशी मला रडू आलं, कारण जिममध्ये मी 10 मिनिटं झोपले होते आणि एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नव्हता. मात्रा हळूहळू वाढवतात, लाली राहिली तर थांबतात, खेप चुकली तर मागे जातात. चेहऱ्याचं वेगळं, हातांचं वेगळं. हेही किरणच आहेत, त्यांनाही मर्यादा आहे, म्हणून वर्षातून एकदा डोक्यापासून तळपायापर्यंत कातडी तपासतात.

ज्यांना वारंवार क्लिनिकला जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी घरी वापरायची लहान यंत्रं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. लग्नकार्यापुरता डाग झाकायचा असेल तर डीएचए नावाचं रसायन असलेलं सेल्फ-टॅनर लोशन आहे. ते कातडीच्या वरच्या मृत थराशी संयोग होऊन काही तासांत तपकिरी रंग देतं, पाच-सात दिवसांनी उतरतं. किरणं नाहीत, भाजणं नाही. त्याने ऊन अडत नाही, तेवढं सनस्क्रीन वेगळं लावायचं. मी बोटांना तेच लावते. टॅन हवाच असणाऱ्या गोऱ्या मैत्रिणींनाही मी हेच सुचवते.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या मुली स्प्रिंग ब्रेकच्या आधी ‘बेस टॅन’ करायला जातात, म्हणजे फ्लोरिडाला गेल्यावर भाजू नये म्हणून आधीच थोडं भाजून घेतात. त्या बेस टॅनने मिळणारं संरक्षण एसपीएफ 3-4 एवढंच. तिने मला विचारलं नाही, मीच तिला माझ्या मानेचे जानेवारीतले फोटो दाखवले. तिने ते आपल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायची परवानगी मागितली. एवढी वर्षं डाग स्कार्फखाली ठेवणारी मी, थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हटलं, टाक.

आत्याला मी दोन महिने काही सांगितलं नव्हतं, तिला लागेल म्हणून. सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, मी ऊन सांगितलं होतं. पाच मिनिटं.” बाटली मी टाकून दिली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, लाईट चालू असेतो बावची नाही, पोटात नाही आणि कातडीलाही नाही.

तारे द्यायचेच तर व्यायामाला चार आणि मागच्या तीन दारांना एकही नाही.

बोटांवर फारसा फरक नाही. तिथे केसांची मुळं फारशी नसतात, आणि रंग मुख्यतः त्या मुळांतूनच परत येतो, म्हणून बोटं उशिरा भरतात किंवा भरतच नाहीत, हे आधीच सांगितलं होतं. मानेवर मात्र गेल्या महिन्यात नवऱ्याला काहीतरी दिसलं. मोबाइलचा टॉर्च लावून त्याने फोटो काढला. पांढऱ्या डागाच्या मधोमध, एकेका केसाच्या मुळाशी, तिळाएवढे तपकिरी ठिपके. आम्ही दोघांनी मोजले. अकरा होते. हनुवटीखालच्या रेघेत अजून एकही नाही.